दूरच्या टेबलाची किल्ली

घराला रंग दिला की पुढचे चार दिवस घर आपलं राहत नाही. मोहरीच्या डब्यात मेथी निघते, काड्यापेटी नेहमीच्या कोनाड्यात नसते, आणि रात्री उठून दिव्याचं बटण चाचपावं तर हाताला कपाटाची पाठ लागते. वस्तू हरवलेल्या नसतात, फक्त त्यांच्या जागा बदललेल्या असतात. पण नेमकं त्याच वेळी पाहुणे दारात उभे असले, तर हरवणं आणि जागा बदलणं यात फरक तो काय राहतो? संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की अगदी असंच होतं. आमच्या घरी हे झालं 2025 च्या दिवाळीनंतर, आणि तेव्हा दारातला पाहुणा म्हणजे जीएसटीची 20 तारीख होती.

संगणक हा काही माझा विषय नव्हे. शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते. पण आमच्या एकत्र घरात माझ्या धाकट्या जाऊची सबंध नोकरी एका तारेवर चालते. ती तार तुटली तेव्हा चार डोकी एकत्र बसली, त्यातलं एक माझं होतं. त्यातून जे कळलं ते आपल्यासारख्या पुष्कळ घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहायला घेतलं.

जाऊ नाशिकला एका करसल्लागाराच्या कचेरीत हिशेब पाहायची. 2020 च्या मार्चमध्ये 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा कचेरीनं तिला घरून काम करण्याची सोय करून दिली. पुढे सासूबाईंचं दुखणं निघालं, धाकटे भाऊजी दुकान सांभाळायला पिंपळनेरला आले आणि तीही आली. तिची नोकरी मात्र टेबलासकट नाशिकलाच राहिली. आता ती आमच्या मधल्या खोलीत बसून नाशिकच्या त्या टेबलावरचा संगणक चालवते. याला म्हणतात रिमोट डेस्कटॉप.

ही काय जादू आहे ते साध्या शब्दांत सांगते. इथला संगणक खिडकीसारखा असतो. तिकडच्या पडद्यावरचं चित्र इथं दिसतं आणि इथं दाबलेलं बटण तिकडे दाबलं जातं. हिशेबाचा प्रोग्रॅम तिकडे, फायली तिकडे, काम करतो तोही तिकडचाच संगणक. म्हणून इथला संगणक जुना असला तरी भागतं. ही सोय काही कालची नाही. 2001 मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीतही ती होती. पण तिची खरी ओळख आपल्यातल्या पुष्कळजणींना टाळेबंदीतच झाली.

बाहेरच्या माणसांना हे काम दिसत नाही, ही त्यातली गंमत म्हणा की दुःख. "बाई, तुमची जाऊ काय, घरातच तर असते!" असं आमच्या गल्लीत सगळ्या म्हणतात. घरात असते हे खरं. पण सकाळी दहा ते सहा ती मनाने नाशिकला असते. दर महिन्याच्या 11 तारखेला विक्रीचं विवरण आणि 20 तारखेला जीएसटीचं 3बी विवरण जायला लागतं. तारीख चुकली तर पक्षकाराला दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, आणि कर देणं असेल तर वर व्याज. असे पक्षकार एकट्या तिच्याकडे तीसच्या वर आहेत.

आता ती सिस्टीम बदलण्याची वेळ का आली तेही सांगते. विंडोज 10 ही प्रणाली 2015 मध्ये आली होती. मायक्रोसॉफ्टनं तिची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, पण सुरक्षेची जी डागडुजी आपोआप व्हायची ती थांबली. ज्यांना ती पुढेही हवी त्यांना वेगळी नोंदणी करावी लागली, नाहीतर विंडोज 11 वर जावं लागलं. नवी प्रणाली आली 2021 मध्ये. तिला किमान 4 जीबी मेमरी, 64 जीबी साठवण आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे काही जुने संगणक तिथेच गळाले. नाशिकच्या कचेरीतले संगणक त्या मापात बसत होते. दिवाळीची गडबड संपली आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवार-रविवारी त्यांच्या संगणकवाल्यानं फायली बाजूला काढल्या, जुनं सगळं पुसलं आणि नवं घातलं. म्हणजे नुसता रंग दिला नाही, घर रिकामं करून पुन्हा लावलं.

सोमवार, 17 नोव्हेंबर. सकाळी दहाला जाऊ बसली, आणि संगणकानं तिला आत घेतलंच नाही. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तीच सूचना. संगणक बंद करून चालू केला, राउटरची पिन काढून घातली, देवाचं नाव घेतलं. साडेअकराला नाशिकहून फोन आला. "दोन दिवसांत नाही जमलं तर तुम्ही इकडेच येऊन बसा. आणि पुढचंही मग पाहावं लागेल." पुढचं म्हणजे काय, हे दोघींनाही कळलं. पिंपळनेरहून ताहाराबाद, सटाणा करत नाशिक म्हणजे जाऊन-येऊन सबंध दिवस मोडतो. घरात अंथरुणावर सासूबाई, आणि धाकटं मूल पहिलीत. रोज जाणं शक्य नव्हतं, आणि नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं.

सासूबाई आतून विचारत होत्या, "काय व्हयनं वं?" काय सांगणार त्यांना? पण मामंजी ओटीवरून उठून आले. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पानी कोठे अडकनं ते पहिले देखा."

आमच्या पांझरेवर फडाची पद्धत फार जुनी आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांवर भिजणारे फड. पाण्याची वाटणी शेतकरी आपसात ठरवतात आणि पाटावर नजर ठेवायला पाटकरी असतो. शेताला पाणी आलं नाही तर पाटकरी शेतात खणायला लागत नाही. तो पाटाच्या काठाने चालतो. इथवर पाणी आहे का? आहे. मग पुढे. जिथे पाणी संपतं तिथेच कुठंतरी बोळा बसलेला असतो. मामंजींचं म्हणणं एवढंच होतं की दहा ठिकाणी खोरं मारू नका, पाटाच्या काठाने चाला.

मग आम्ही वही घेतली आणि चालू लागलो.

पहिला टप्पा आपलं घर. इंटरनेट चालू होतं. दुसरा टप्पा व्हीपीएन, म्हणजे कचेरीत जायची खासगी पायवाट. बाहेरच्या रस्त्यावरून गेलं तरी आत काय चाललंय ते इतरांना दिसू नये, म्हणून ही वाट कुलपाखाली असते. तीही जोडलेली दाखवत होती. पण नुसतं दाखवतंय यावर विश्वास ठेवण्यापेक्षा जाऊनं कचेरीतल्या दुसऱ्या संगणकावरचं सामायिक फोल्डर उघडून पाहिलं. उघडलं! म्हणजे पाणी नाशिकच्या शिवारापर्यंत पोचत होतं. अडलं होतं ते फक्त तिच्या टेबलाशी. इतका वेळ इथला राउटर चालू-बंद करण्यात गेला होता, त्याचा या दुखण्याशी काही संबंधच नव्हता.

आता पडद्यावरची ती इंग्रजी सूचना नीट वाचली. आपण सूचना वाचतच नाही बाई, ती दिसली की घाबरून पुसून टाकतो! तिच्यात चक्क तीन कारणं दिलेली होती. दूरच्या संगणकावर बाहेरून येण्याची परवानगी चालू नसेल, किंवा तो बंद असेल, किंवा तो नेटवर्कवर सापडत नसेल. वैद्याने निदान लिहून द्यावं आणि आपण चिठ्ठी न वाचताच औषध शोधत फिरावं, तसं चाललं होतं.

नाशिकला जाऊच्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात. त्यांना फोन केला. त्यांनी पाहिलं तर संगणक झोपलेला. नव्या मांडणीत काही वेळ कुणी हात लावला नाही की तो आपोआप झोपतो, आणि झोपलेला माणूस दार कसं उघडणार? सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात पॉवर, तिथे झोपेची वेळ 'कधीच नाही' अशी केली. मग सिस्टीममध्येच रिमोट डेस्कटॉप नावाचं पान आहे ते उघडलं. बटण बंद! नव्यानं घातलेल्या विंडोजमध्ये ते बंदच असतं. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, उघडायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

इथेच आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण हिच्यात पुष्कळांचे दिवस जातात. विंडोजच्या होम आवृत्तीतून दुसऱ्या संगणकावर जाता येतं, पण होम असलेल्या संगणकात या सोयीनं बाहेरून येता येत नाही. त्याला प्रो किंवा तिच्या वरची आवृत्ती लागते. नवा संगणक स्वस्तात घेतला आणि त्यात होम निघाली, तर कितीही बटणं शोधा, यायचं दार तिथे नसतंच. सिस्टीममध्ये 'अबाउट' उघडलं की आवृत्ती दिसते. आमच्या सुदैवानं तिथे प्रो होती.

तरीही जोडणी होईना. जाऊनं वहीत लिहिलं, "परवानगी चालू, संगणक जागा. उरलं तिसरं कारण." तेवढ्यात तिच्याच लक्षात आलं. "ताई, मी जुन्या नावानं हाक मारतेय!" कचेरीतल्या प्रत्येक संगणकाला एक नाव असतं. जुनं पुसून नवं घातलं की विंडोज स्वतःच एक आकड्या-अक्षरांचं नाव ठेवते. सासरी नाव बदललेल्या मुलीला माहेरच्या नावानं शोधावं, तसं ती शोधत होती. नाशिकच्या बाईंनी नवं नाव वाचून दाखवलं. शिवाय तिथलं नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं होतं, ते 'प्रायव्हेट' केलं. सार्वजनिक जागी संगणक इतरांना आपली ओळख देत नाही, बसस्टँडवर आपण देत नाही तसाच. आपल्या कचेरीच्या नेटवर्कवर असताना मात्र द्यायला हवी.

नव्या नावानं हाक मारली आणि सूचना बदलली. आता नाव-पासवर्ड जुळत नाही म्हणाली. जाऊ रडकुंडीला आली, पण मला बरं वाटलं. दार सापडत नव्हतं तिथून आपण दारापर्यंत आलो होतो. आता फक्त "कोण तुम्ही?" असं विचारलं जात होतं. सूचना बदलली म्हणजे पुढे सरकलो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चौकशी केली तेव्हा कळलं की संगणकवाल्यानं तिचं खातं नव्यानं तयार केलं होतं आणि पासवर्ड "मग टाकतील" म्हणून रिकामा सोडला होता. ही टाइप करत होती जुना. आणि रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज दुरून आत घेत नाही, हे योग्यच आहे. कचेरीच्या मालकांनी स्वतः बसून तात्पुरता पासवर्ड ठेवला. मग सूचना आली की या खात्याला बाहेरून यायची मुभा नाही. रिमोट डेस्कटॉपच्याच पानावर परवानगी असलेल्यांची यादी असते. मुख्य खात्याला मुभा आपोआप मिळते, बाकीच्यांची नावं घालावी लागतात. तिचं नाव घातलं. मंगळवारी दुपारी पाऊण वाजता नाशिकचं टेबल पिंपळनेरला दिसलं. तिनं आत जाऊन पहिलं काम केलं ते पासवर्ड बदलण्याचं.

आमच्याकडे झालं नाही, पण आणखी एक अडचण हमखास येते. नवी प्रणाली सुरू करताना चार आकडी पिन ठेवायला लावते, आणि मग रोज पिननंच आत जाऊन पासवर्ड विस्मरणात जातो. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, दुरून यायला चालत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं चालणाऱ्या संगणकात 'फक्त विंडोज हॅलोनं प्रवेश' असं एक बटण असतं. ते चालू असेल तर पासवर्ड विचारलाच जात नाही. अशा वेळी ते बंद करून, एकदा त्या संगणकापुढे प्रत्यक्ष बसून पासवर्डनं आत जावं. मग दुरूनही तो चालतो.

हे सगळं झालं त्याच्या आदल्या संध्याकाळी दोन मोहाचे क्षण आले होते, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. भाऊजींनी इंटरनेटवर शोधून मदतीचा म्हणून एक नंबर आणला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलत होता. "मॅडम, एक ॲप टाका आणि त्यात दिसतो तो नंबर मला सांगा, पाच मिनिटांत करून देतो." जाऊनं तिथेच फोन ठेवला. रिझर्व्ह बँकेनं 2019 च्या फेब्रुवारीत अशाच प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. असलं ॲप घालायला लावायचं, नंबर विचारायचा आणि त्या वाटेनं मोबाइलमध्ये शिरून पैसे काढून घ्यायचे. ॲप वाईट नसतं. आपल्या ओळखीचा, आपण बोलावलेला माणूस तसं ॲप वापरून खरीच मदत करतो. पण आपण ज्याला ओळखत नाही त्याला तो नंबर सांगणं म्हणजे तिजोरी दाखवून किल्ली हातात देणं. असं कुणाच्या बाबतीत घडलंच, तर लाजत बसू नये. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणं कठीण.

दुसरा मोह जास्त शहाण्यासारखा दिसणारा होता. कुणीतरी सुचवलं, "फायरवॉल बंद करा, राउटरवर 3389 नंबरचं दार सरळ बाहेर उघडा, झटकन होईल." 3389 हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला क्रमांक, आणि तो साऱ्या जगाला ठाऊक आहे. ते दार बाहेर उघडं दिसलं की पासवर्ड ओळखू पाहणारे रात्रंदिवस धडका मारतात. 2019 च्या मे महिन्यात जुन्या विंडोजमधल्या रिमोट डेस्कटॉपमध्ये एक दोष उघडकीला आला होता. 'ब्लूकीप' नावानं तो गाजला. तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टनं देखभाल केव्हाच थांबवलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. तेव्हा दार अडलं म्हणून चौकटच उपटून टाकू नये. त्या संगणकात तीस कुटुंबांचे हिशेब होते, ते काही आमचे नव्हते.

विवरणं 19 तारखेला गेली. त्या रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, "चला, शेवटी जमलं म्हणायचं." जाऊ म्हणाली, "जमलं नाही भाऊजी, शोधलं." मला तिचं बोलणं फार आवडलं. घरातलं काहीही बिघडलं की आपल्याला सवय असते, कुणी पुरुष माणूस येईल, काहीतरी खुडबुड करील, आणि कसं झालं ते कुणालाच कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच. पण जिची भाकरी त्या तारेवर आहे, तिला ती तार कुठून कुठे जाते हे माहीत असायलाच हवं. त्याला पदवी लागत नाही. कुकरची शिट्टी होईना तेव्हा आपण झाकण, रिंग, पाणी, आच असं एकेक पाहतो ना? तेच डोकं इथे लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाचं, तुमच्या मुलीचं किंवा सुनेचं काम असं दूरच्या टेबलावर चालत असेल, तर सिस्टीम बदलण्याच्या आदल्या दिवशी वहीच्या एका पानावर एवढं उतरवून ठेवा. संगणकाचं नाव. विंडोजची आवृत्ती, होम की प्रो. रिमोट डेस्कटॉपचं बटण चालू आहे का, आणि परवानगीच्या यादीत कुणाकुणाची नावं आहेत. झोपेची वेळ किती ठेवली आहे. आपल्याला आपला पासवर्ड खरोखर आठवतो का, की बोटं नुसती पिन मारतात. आणि तिकडे प्रत्यक्ष टेबलापाशी जाऊ शकेल अशा एका विश्वासाच्या माणसाचा फोन नंबर. पासवर्ड मात्र त्या पानावर लिहू नका. दुसरं म्हणजे, बदल करायचाच तर महिन्याच्या 17 तारखेच्या तोंडावर नको, 25 नंतर करा. लग्नाच्या आदल्या दिवशी कुणी घराला रंग देतं का?

अडलंच तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदललं ते लिहावं. पाच बटणं एकदम दाबून काम झालं, तरी कुठल्या बटणानं झालं ते कळत नाही. आणि नाही झालं, तर पाचही पूर्ववत करावी लागतात. आमची ती वही आता फोनशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. किराण्याची यादी मागच्या पानापासून सुरू होते, नाशिकचं टेबल पुढच्या. घरच्या संगणकावरही नवी प्रणाली घालायची आहे. पण या वेळी तारीख जाऊ ठरवणार आहे.